मुळावर उठलेलं गवत

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. घर जुनं, मागे दहा बाय बाराचं परसदार. शेजारचा प्लॉट मालकाने कित्येक वर्षं मोकळा टाकलेला. पाऊस लागला की तिथे कमरेएवढं गवत माजतं, त्याला तिकडे ‘काँग्रेस गिडा’ म्हणतात. गेल्या जूनमध्ये ताईंनी ते गवत कापून आणलं आणि स्वतःच्या वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरलं. आच्छादनाने ओल टिकते, हे त्यांनी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. मग त्यांनी मेथी पेरली, कोथिंबीर पेरली, टोमॅटोची रोपं टाकली. मेथी उगवली, पण बोटभर होऊन पिवळी पडली. कोथिंबीर तर दिसलीच नाही. टोमॅटोचं रोप उपटून पाहिलं, तर त्याची मुळं आखूड आणि तपकिरी झालेली होती. त्यातच ताईंच्या हाताला आणि मानेला खाज सुटली ती वेगळीच.

सासूबाईंचं म्हणणं, ‘माती बाटली. आता तिथे फरशी घालून घ्या, निदान कपडे तरी वाळत घालता येतील.’ ताई विचारतात, ‘एका गवताने माती खरंच बाटते का? फरशी घालायची का?’

प्रश्न परसदारातला असला, तरी तो आपल्या देशातल्या कोट्यवधी हेक्टर जमिनीला लागू आहे. म्हणून या आठवड्यात सगळी जागा त्यालाच देऊ या.

पुण्याच्या उकिरड्यापासून

या गवताला महाराष्ट्रात गाजर गवत म्हणतात, कारण त्याची पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली असतात. त्याच्या पांढऱ्या, पंचकोनी, चिमुकल्या फुलांमुळे कुणी त्याला ‘चटक चांदणी’ असंही म्हणतं. नाव इतकं गोड, की एखाद्या लावणीत शोभावं! शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. खरं तर हे गवत नव्हेच. हे शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्या कुळातलं झाड. त्याचं माहेर मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासचा प्रदेश.

भारतात त्याच्या फैलावाची पहिली शास्त्रीय नोंद झाली ती पुण्यातली. आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘भारतासाठी नवी वनस्पती’ म्हणून त्याची माहिती दिली. पुण्याच्या मोकळ्या जागांवर आणि उकिरड्यांवर ते तेव्हा दिसू लागलं होतं.

ते आलं कसं? ‘अमेरिकेच्या मिलो-गव्हाबरोबर,’ असं आपण सगळेच ऐकत आलो. रेशनवरचा तो लालसर गहू ज्यांनी निवडला आहे, त्या पिढीला हे पटतंही चटकन. पण पी.एल. ४८० खालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला, आणि गवत पुण्यात दिसलं ते त्याच्याही आधी. अमेरिकेचं धान्य १९५१ पासूनच येत होतं, त्यामुळे गहू अगदी निर्दोष सुटतो असंही नाही. आणखी गंमत म्हणजे, कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ सालच्या यादीतही हे नाव सापडतं. तेव्हा पाहुणा कदाचित जुनाच असेल, पण त्याने घर बळकावलं ते १९५० नंतर.

आणि मग ते थांबलं नाही. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं. बी इतकं हलकं, की वाऱ्याने उडतं, पाण्याने वाहतं, ट्रकच्या चाकाच्या चिखलात बसून परगावी जातं. रस्ते, रेल्वेमार्ग आणि कालवे हे त्याचे राजमार्ग. १९७५ साली कर्नाटक सरकारने आपल्या पीक-कीड कायद्याखाली त्याला अधिकृतपणे उपद्रवी तण ठरवलं. शेतमालकाने ते काढावं, अशी त्यामागची अपेक्षा. पण कायदा कागदावर राहिला आणि गवत बांधावर. आज देशातलं त्याचं क्षेत्र सुमारे साडेतीन कोटी हेक्टर असल्याचा अंदाज जबलपूरच्या तणविज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दिला आहे.

आजोबांचा ‘बेवड’

एक झाड दुसऱ्या झाडाला वाढू देत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी प्रयोगशाळेतून सांगावं लागलं नाही. आपल्याकडे त्यासाठी एक नेटका शब्दच आहे, बेवड. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण किंवा अवगुण म्हणजे बेवड. तुरीचा, हरभऱ्याचा बेवड चांगला. ज्वारीचा बेवड जड, त्यावर घेतलेलं पीक दबकत येतं. चिंचेखाली काही नीट उगवत नाही, हेही खेड्यात कुणीही सांगेल.

असंच निरीक्षण ग्रीसमध्ये दोन हजार वर्षांहून आधी थिओफ्रेस्टसने केलं होतं. अक्रोडाची सावली इतर झाडांना बाधते, असं रोमन लेखक प्लिनी लिहून गेला. पुढे कळलं, की अक्रोडाच्या मुळांत, पानांत आणि फळांच्या सालीत जुग्लोन नावाचं द्रव्य असतं.

या सगळ्याला शास्त्रीय नाव मिळालं १९३७ साली. हान्स मोलिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ‘अ‍ॅलेलोपॅथी’ हा शब्द घडवला. ‘एकमेकांमुळे सोसणं’ असा त्याचा अर्थ. मोलिश पिकलेल्या सफरचंदातून निघणाऱ्या वायूवर काम करत होता. आढीत एक पिकलेलं केळं ठेवलं की कैऱ्या लवकर पिकतात, हे आपल्या घरात रोज घडतं, तेच ते. झाडं बोलत नाहीत, पण रसायनं सोडतात. कधी शेजाऱ्याच्या भल्यासाठी, बरेचदा वाईटासाठी.

ज्वारीचंही कोडं आता बरंच उलगडलं आहे. तिच्या मुळांवरच्या केसांतून तेलासारखे पिवळे थेंब पाझरतात. त्यांत सोर्गोलिओन नावाचं द्रव्य असतं, आणि ते आजूबाजूच्या कोवळ्या तणांची वाढ रोखतं. बेवड हा शब्द ज्यांनी वापरात आणला, त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांचं बघणं मात्र होतं.

पहिले चार दिवस

आता ताईंच्या मेथीकडे वळू. बी पाणी पितं, फुगतं, त्याची टरफलं फुटतात. पहिल्यांदा बाहेर येतं ते मूळ. कोंब नंतर. त्या मुळाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा एक भाग असतो, जिथे पेशी सतत दुणावत असतात. रोपाचं सगळं भवितव्य त्या चिमूटभर जागेवर अवलंबून. मूळ खाली गेलं नाही, त्याला बारीक केस फुटले नाहीत, तर पाणीही नाही आणि अन्नही नाही. बियातली शिदोरी आहे तोवर रोप हिरवं दिसतं. शिदोरी संपली, की पिवळं पडतं.

विषारी द्रव्य नेमकं इथे गाठ घालतं. मोठ्या झाडाला जे सहज पचतं, ते चार दिवसांच्या मुळाला पचत नाही. पेशींचं दुणावणं मंदावतं, त्यांची आवरणं बिघडतात, मूळ आखडतं आणि काळवंडतं. बी उगवलं म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि घात जमिनीखाली झालेला असतो. ‘मुळावर उठणं’ हा वाक्प्रचार इथे शब्दशः खरा ठरतो.

गाजर गवताकडे अशी द्रव्यं एक-दोन नाहीत. मुख्य म्हणजे पार्थेनिन. पानांवर आणि देठांवर जी बारीक लव असते, तिच्यातल्या ग्रंथींत ते साठलेलं असतं. चव कडूजहर. जोडीला कॅफेइक, व्हॅनिलिक, फेरुलिक अशी आम्लं. ही द्रव्यं शेजाऱ्यापर्यंत चार वाटांनी पोचतात. पावसाचं पाणी पानांवरून ओघळताना ती घेऊन येतं. मुळं ती थेट मातीत सोडतात. पानं गळून कुजली की ती मातीत मिसळतात. आणि चौथी वाट आहे हवेची.

चौथी वाट हवेतून

या चौथ्या वाटेचा शोध आपल्या शेजारच्या राज्यातच लागला. बंगळूर विद्यापीठातले एस. डी. कांचन आणि जयचंद्र या संशोधकांनी १९७९ पासून पुढची काही वर्षं गाजर गवतावर ओळीने शोधनिबंध लिहिले. मुळांतून काय पाझरतं, पानांतून काय धुऊन येतं, मातीतल्या नत्र बांधणाऱ्या जीवाणूंवर काय परिणाम होतो, हे सगळं त्यांनी तपासलं. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठीही या द्रव्यांनी कमी होतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे घाव दुहेरी. रोप खुंटतं आणि त्याला खत पुरवणारे मजूरही कामावरून जातात.

पण त्यांचं सगळ्यांत वेगळं निरीक्षण १९८० सालचं आहे. गाजर गवताचे परागकण वाऱ्याने उडून टोमॅटो, मिरची, वांगी, घेवडा यांच्या पानांवर आणि फुलांवर बसतात. पानांवर बसले तर हरितद्रव्य घटतं. फुलाच्या टोकावर, जिथे स्वतःचे परागकण रुजायला हवेत तिथे बसले, तर फळ धरत नाही. परागकणसुद्धा दुसऱ्याच्या संसारात विष कालवतात, हे तोवर जगात कुणी दाखवलं नव्हतं.

म्हणून ‘आमच्या शेतात एकही गाजर गवत नाही, ते फक्त बांधावर आहे’ असं म्हणून चालत नाही. बांधावरचं गवत शेतात हात घालतं.

हाताला, मानेला सुटणाऱ्या खाजेमागेही हेच पार्थेनिन. पुण्यातल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकातच या त्वचारोगाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. चेहरा, पापण्या, मान, कोपराची खोबण या जागा जास्त भोगतात. खुरपणी करणाऱ्या बायका तर हे गवत नुसत्या हाताने उपटतात, आणि त्यांची खाज ‘उन्हाने उठलं असेल’ म्हणून अंगावर काढली जाते. ताई, तुमच्या हाताची खाज अंगावर काढू नका, त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि ‘गवत हाताळलं होतं’ हे त्यांना आवर्जून सांगा. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली, की पुढे पुष्कळदा शेवंतीसारखी त्याच कुळातली फुलंही सोसत नाहीत.

बशीतलं विष आणि शेतातलं विष

इथवर वाचून कुणालाही वाटेल, की सासूबाईंचंच खरं. पण थांबा. या शास्त्राची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण फरशीचा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे.

गेल्या पन्नास वर्षांत जगभर या विषयावर जे प्रयोग झाले, त्यांतले बहुतेक बशीतले. पानं वाटायची, पाण्यात भिजवायची, गाळून तो अर्क टीपकागदावरच्या बियांवर घालायचा आणि मुळं मोजायची. मुळं आखूड झाली, की ‘हे झाड विषारी’ असा निकाल. पण वाटलेल्या पानांचा दाट अर्क शेतात कोण ओततं? अशा अर्काने तर कोथिंबिरीच्या जुडीलाही गुन्हेगार ठरवता येईल.

शिवाय शेतात माती असते. मातीचे कण ही द्रव्यं धरून ठेवतात, जीवाणू ती खाऊन टाकतात. पार्थेनिनचीच गोष्ट घ्या. मातीत मिसळल्यावर ते कसं कमी होतं, हे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी मोजलं, तेव्हा ते थोड्याच दिवसांत मोडून जातं असं दिसलं. मग शेतात गाजर गवत जिंकतं ते केवळ विषाने नव्हे. ते आधी उगवतं, चार-सहा आठवड्यांत फुलतं, ऊन-पाणी-खत हिसकावतं, आणि आपल्याकडची जनावरं-किडी त्याला फारसं तोंड लावत नाहीत. विष हे त्याच्या अनेक हत्यारांतलं एक. पण ताजं गवत शेजारी उभं असेल किंवा ताजा पाला मातीवर पडलेला असेल, तर रोज नवं विष झिरपत राहतं आणि जीवाणूंना ते आवरेनासं होतं.

अशा शास्त्रात घाई अंगाशी येते, याचं उदाहरण अमेरिकेत घडलं. तिथल्या कुरणांत युरोपातून आलेलं एक तण माजलं होतं. त्याच्या मुळांतून पाझरणारं कॅटेचिन नावाचं द्रव्यच स्थानिक झाडांना मारतं, असा निबंध २००३ साली ‘सायन्स’ या नामांकित साप्ताहिकात झळकला. त्याचा खूप गाजावाजा झाला. पण दुसऱ्यांनी मातीत मोजमाप केलं, तेव्हा तेवढं द्रव्य सापडेना. अखेर २०१० साली तो निबंध मागे घेण्यात आला. झाडांची रासायनिक लढाई खोटी, असा याचा अर्थ नाही. पण प्रत्येक झाडाचा गुन्हा वेगळा सिद्ध करावा लागतो.

घरी करून पाहा

सुटीत मुलांना हाताशी धरून हा प्रयोग जरूर करा. यासाठी गाजर गवत मात्र हाताळू नका. वाळलेली निलगिरीची पानं घ्या. दहा-बारा पानं चुरून एक कप पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा.

चार बशा घ्या. पहिल्या तिन्हींत ओला टीपकागद किंवा जुन्या सुती कापडाचा तुकडा घाला, चौथीत बोटाच्या पेराएवढा मातीचा थर. प्रत्येकीत मोहरीचे वीस-वीस दाणे ठेवा. पहिलीला साधं पाणी, दुसरीला गाळलेला अर्क, तिसरीला अर्ध्याला अर्धं पाणी घातलेला अर्क आणि मातीच्या चौथीला पुन्हा तोच दाट अर्क. बशांवर नावं लिहा, सावलीत ठेवा, रोज सारखं-सारखं पाणी किंवा अर्क द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी किती दाणे उगवले ते मोजा, आणि एक दोरा लावून मुळांची लांबी मोजा.

दुसऱ्या आणि चौथ्या बशीतली तुलना सगळ्यांत महत्त्वाची. अर्क एकच, फक्त मध्ये माती आली. मातीने काय केलं, हे मुलांच्या डोळ्यांना दिसेल. आणि एका बशीवर विश्वास ठेवू नका, तोच प्रयोग तीनदा करा. शास्त्र म्हणजे दुसरं काय? तीनदा मोजणं आणि मग बोलणं.

फरशी नको, ताई!

आता उत्तर. माती कायमची बाटत नाही. तुम्ही हिरवं, ताजं गवत थेट वाफ्यावर अंथरलंत आणि लगेच पेरलंत. त्यामुळे पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर पाल्यातला रस खाली उतरत राहिला, आणि बियांचे पहिले नाजूक दिवस त्यातच गेले असावेत. त्यातल्या कोथिंबिरीला तर उगवायलाच आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे तिने सर्वांत जास्त सोसलं.

पण इतर संशयितांनाही सोडू नका. जुन्या पेठेतल्या परसात चुन्याचा, विटांचा राडा मातीत मिसळलेला असतो. भिंतीची सावली असते. बी जुनं असू शकतं, मुंग्या दाणे पळवतात, जास्त ओलीने कोवळी मुळं कुजतात, आणि तीही तपकिरीच दिसतात. म्हणून आधी खात्री करा. दोन कुंड्या घ्या. एकीत वाफ्यातली माती, दुसरीत दुसरीकडून आणलेली चांगली माती. दोन्हींत एकाच पुडीतली मेथी पेरा, एकाच जागी ठेवा. दोन्हीकडे सारखीच उगवली, तर वाफा निर्दोष. फक्त वाफ्याच्या मातीत खुंटली, तर दुरुस्ती हवी.

दुरुस्तीही सोपी आहे. उरलेला पाला हातमोजे घालून उचला. माती वीतभर खणून उलथा, उन्हात पडू द्या. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा, म्हणजे जीवाणूंची फौज येईल. तीन-चार आठवडे अधूनमधून पाणी द्या. या काळात त्या पाल्यातून पडलेलं गाजर गवताचं बी उगवेल. ते उगवू द्या, आणि चार पानांवर असतानाच खुरपून टाका. मग पेरा. पहिली पेरणी मेथीचीच करा, ती लवकर सांगते.

फरशी घातलीत, तर गवताचा प्रश्न सुटेल, पण मेथीचाही सुटेल!

काट्याने काटा, पण जपून

शेजारच्या प्लॉटचं काय? इथे म्हैसूरचा एक धागा आहे. भाताच्या वाणांसाठी प्रसिद्ध असलेले कृषिशास्त्रज्ञ डॉ. एम. महादेवप्पा मूळचे जुन्या म्हैसूर भागातले. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे ते कुलगुरू होते. आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी म्हैसूरच्या जेएसएस संस्थेच्या ग्रामविकासाच्या कामात घालवला. २०१३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं आणि मार्च २०२१ मध्ये म्हैसूरमध्येच त्यांचं निधन झालं. भाताइतकाच त्यांनी ध्यास घेतला होता गाजर गवताचा. त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं सांगणं असं, की हे गवत नुसतं उपटून जागा मोकळी ठेवलीत, तर ते पुन्हा येणारच. त्याच्या जागी दुसरं काही लावा, जे त्याला वरचढ ठरेल.

त्यासाठी १९८० च्या दशकात कर्नाटकात कॅसिया सेरिसिया नावाचं, टाकळ्याच्या नात्यातलं झुडूप पुढे आलं. त्याच्या पाल्यातून झिरपणारी द्रव्यं गाजर गवताच्या बियांना उगवू देत नाहीत, आणि ते स्वतः दाट वाढून सावली धरतं. म्हणजे गाजर गवताचंच हत्यार त्याच्यावर. पण हे झुडूपही मूळचं अमेरिकेतलंच, आणि ते आज महाराष्ट्रात-कर्नाटकात माळरानांवर आपणहून पसरताना दिसतं. एका परक्याला हुसकायला दुसऱ्याला किल्ली दिली, की तो घर सोडेलच याची हमी नसते.

त्यापेक्षा आपला टाकळा बरा. त्याच्याशी चढाओढ करून तो गाजर गवताला मागे सारतो, असं ठिकठिकाणच्या चाचण्यांत दिसलं आहे, आणि पहिल्या पावसात त्याच्या कोवळ्या पानांची भाजीही होते. भाजीसाठी मात्र ओळख पक्की हवी आणि जागा स्वच्छ हवी. टाकळा नको तर झेंडू लावा. दसऱ्याला तोरण होईल.

दुसरा उपाय मेक्सिकोहून आला. गाजर गवत खाणारा झायगोग्रामा नावाचा पट्टेदार भुंगा बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने १९८३ साली आणला, तपासण्या करून १९८४ मध्ये सोडला. पावसाळ्यात तो पानांची चाळण करतो. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हाच भुंगा कर्नाटकात सूर्यफुलावर दिसला आणि शेतकऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चौकशी झाली. निघालं असं, की सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडले होते, त्या वासाने तो तिथे तोंड लावत होता. सूर्यफुलावर त्याचं कुटुंब वाढत नाही. भुंगा सुटला, पण त्याच्या मर्यादाही कळल्या. तो पावसाळ्यात खातो आणि थंडीत मातीत जाऊन झोपतो. गवत मात्र ओल मिळेल तिथे बारा महिने उगवतं.

विषातून औषध

हीच द्रव्यं माणसाच्या कामीही येतात. १९७७ साली कॅलिफोर्नियात एका रसायन कंपनीच्या शास्त्रज्ञाला आपल्या अंगणातल्या बॉटलब्रशच्या झाडाखाली तण अगदी कमी दिसलं. आपल्याकडे बागांतून, बंगल्यांच्या फाटकांशी लाल ब्रशसारखी फुलं येणारं तेच झाड. त्याने खालची माती तपासली, द्रव्य शोधलं, आणि त्याच्यासारखी नवी संयुगं घडवता-घडवता मक्याच्या शेतात वापरलं जाणारं मेसोट्रायोन हे तणनाशक तयार झालं. पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या धाटांचं पाणी तणांवर फवारून पाहिलं, आणि त्याला नाव दिलं ‘सोरगाब’, म्हणजे ज्वारीचं पाणी. आपला जड बेवड तिथे फवारणीच्या पंपात गेला!

आपल्या हाती असलेली वेळ

जबलपूरची संस्था दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजर गवत जागृतीसाठी पाळते. दिवस विचारपूर्वक निवडलेले आहेत. पावसाने माती मऊ असते, झाड मुळासकट निघतं. तरीही त्या आठवड्याची वाट पाहत बसू नका. पहिल्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांनी, फुलं यायच्या आत एक फेरी, आणि ऑगस्टमध्ये दुसरी. उपटताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि नाकावर रुमाल हवाच. मोजे नसतील तर हातात जाड प्लास्टिकची पिशवी चढवा. ज्यांना दमा आहे किंवा आधीच अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी या कामाला जाऊच नये.

फुलं न आलेलं गवत खड्ड्यात शेण-मातीचे थर देऊन कुजवलं, तर त्याचं उत्तम खत होतं. पूर्ण कुजल्यावर विषही जातं. फुललेलं गवत मात्र खतात घालू नका, नाहीतर खताबरोबर बीही सगळीकडे वाटलं जाईल. ते जागीच वाळवून, खोल खड्ड्यात गाडा. गाई-म्हशींना हे गवत चुकूनही घालू नका. दूध कडसर होतं आणि जनावर आजारी पडतं.

आणि शेवटची गोष्ट. मोकळा प्लॉट कुणा एकाचा असतो, पण परागकण साऱ्या गल्लीत उडतात. म्हणून हे काम एकट्या-दुकट्याने होत नाही. भिशीचा ग्रुप, महिला मंडळ, गणेशोत्सवाचं मंडळ, जे जवळ असेल त्याला सांगा. वर्षातून दोन सकाळी, प्रत्येकी दोन तास पुरे. उपटलेल्या जागी त्याच दिवशी मूठभर झेंडू नाहीतर टाकळा फेकून या. जमीन रिकामी राहत नसते. तिथे काय उगवायचं हे आपण ठरवलं नाही, तर चटक चांदणी ठरवते.